फेमटोसेकंद लेसरचं बटण नेमकं दाबतं कोण?

मिरकरवाडा_वायरमन

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण चार दिवस डोक्यातून जाईना म्हणून इथे टाकतोय. भाचीचा चष्म्याचा नंबर काढायचाय, तिला घेऊन कोल्हापूरला तपासणीला गेलो होतो. तिथल्या मॅडम म्हणाल्या आता ब्लेड नाही, फेमटो लेसर वापरतो, त्याचा एकेक पल्स काहीशे फेमटोसेकंदांचा असतो. भाची आपली मोबाईलमध्ये, तिला काय पडलेली नाही, मी मात्र आंबा घाट उतरेपर्यंत तोच हिशोब करत बसलो.

माझा धंदा इन्व्हर्टर, पंपांचे पॅनल आणि ट्रॉलरवरचे फिशफाइंडर दुरुस्त करायचा. त्यामुळे स्विचिंग म्हणजे काय ते मला बऱ्यापैकी कळतं. चांगल्यातला चांगला मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घेतला तरी ऑन-ऑफ व्हायला नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे अब्जावे भाग, लागतातच, आणि एका नॅनोसेकंदात फेमटोसेकंद किती, तर दहा लाख. म्हणजे माझा मॉसफेट डोळे चोळत उठेपर्यंत तो लेसर पेटून विझून घरी जाऊन झोपला पण? असं कुठलं सर्किट आहे? चालू कोण करतं, बंद कोण करतं? आणि समजा केलं, तर मोजलं कशाने? माझा ऑसिलोस्कोप १०० मेगाहर्ट्झचा, त्याच्यावर तीन-चार नॅनोसेकंदाच्या खाली सगळा कालाच दिसतो. यूट्यूबवर बघितलं तर सगळी समीकरणं. कोणी घरगुती भाषेत सांगेल काय, पण थापा नकोत.

लोटे_शिफ्टवाला

दादा सोप्पं आहे. मी पुण्यात असताना मार्किंग मशीनवर होतो, बेअरिंगवर नंबर कोरायचं मशीन. लेसरच्या आत क्यू-स्विच असतो. म्हणजे कसं, दोन आरशांच्या मधे झडप टाकायची, प्रकाश फिरूच द्यायचा नाही, तोपर्यंत आत एनर्जी साठत राहते, आणि मग झडप झटकन उघडायची की सगळं एकदम बाहेर. धरणाचा दरवाजा उघडल्यासारखं. झडपेला व्होल्टेज देणारं सर्किट असतं, तेच तुमचं बटण. फेमटोमधे तेच असणार फक्त जास्त फास्ट.

खाडीपलीकडचा

लोटेवाले भाऊ, धरणाचं उदाहरण एक नंबर, पण ते नॅनोसेकंदाच्या गावापर्यंतच जातं, पुढे रस्ताच नाही. मेमनने १६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात पहिला माणकाचा लेसर पेटवला, दोन वर्षांच्या आत क्यू-स्विच आला आणि पल्स नॅनोसेकंदांत आले. झडप कितीही फास्ट केली तरी आत साठलेला प्रकाश आरशांमधून चारदोन फेऱ्या मारूनच बाहेर पडणार, आणि एका फेरीलाच नॅनोसेकंद लागतात. वर वायरमनदादा म्हणतात तसं इलेक्ट्रॉनिक्स पण तिथेच दमतं.

(माझं गाव दाभोळ खाडीच्या गुहागर बाजूला, लेसरच्या लॅबमधे सात वर्षं काढली, आता दुसरंच काहीतरी करतो पोटासाठी. म्हणून लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.)

दादा, सरळ उत्तर देतो. बटण नसतंच. फेमटोसेकंदाचा पल्स "चालू करून बंद" केलेला नसतो, तो जमवलेला असतो. कसं ते तुमच्याच धंद्यातून सांगतो.

तुमच्याकडे जुना एएम रेडिओ असेलच. मृगाच्या तोंडाला रत्नागिरी आकाशवाणी लावून बसा. वीज चमकली की स्टेशनवर खर्रकन आवाज येतो. आता काटा दुसरीकडे न्या, कुठलंही स्टेशन नसलेल्या जागी, तिथेही खर्र. काटा कुठेही न्या, खर्र आहेच. वीज काय ठरवून ११४३ किलोहर्ट्झवर पडत नाही, ती एक छोटा झटका असते, आणि झटका जितका छोटा तितक्या जास्त फ्रिक्वेन्सी त्याच्या पोटात. तुमच्या इन्व्हर्टरमधे स्विचिंगची धार जास्त तीक्ष्ण झाली की शेजारच्यांच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, तो पण हाच प्रकार.

आता हेच उलटं वाचा. भरपूर फ्रिक्वेन्सी घ्या आणि सगळ्यांना अशा लावा की एका क्षणी सगळ्यांचा माथा एकाच जागी येईल. त्या क्षणी सगळ्यांची बेरीज होऊन उंच सुळका, आणि त्याच्या आधी नंतर एकमेकांना मारून सपाट. तो सुळका म्हणजे पल्स. कोणी काही बंद केलेलं नाही, लाटांनी एकमेकींना खाल्लं एवढंच. याला मोड-लॉकिंग म्हणतात, १९६४ पासूनची गोष्ट आहे.

मिरकरवाडा_वायरमन

थांबा थांबा. बारावीत आम्हाला शिकवलेलं की लेसर म्हणजे एकच रंग, एकच फ्रिक्वेन्सी, हाच तर त्याचा मोठेपणा. आता तुम्ही म्हणता भरपूर फ्रिक्वेन्सी. मग बल्ब काय वाईट?

खाडीपलीकडचा

हा हा, बरोबर पकडलंत. पुस्तकातलं ते सतत चालणाऱ्या साध्या लेसरबद्दल. आणि बल्ब वाईट एवढ्याचसाठी की त्याच्यातही सगळे रंग असतात पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, शिमग्यात वाडीतले ढोल अजून जुळायचेत आणि जो तो आपापलं बडवतोय तसं. रंग भरपूर पाहिजेत आणि शिस्त पण पाहिजे, दोन्ही एकदम.

आकडे देतो म्हणजे थापा वाटणार नाहीत. ८०० नॅनोमीटरच्या लेसरने १०० फेमटोसेकंदाचा पल्स हवा असेल तर साधारण ९ नॅनोमीटर रुंदीचा रंगपट्टा पुरतो. १० फेमटोसेकंद हवा तर ९४. आणि ५ पाहिजे असेल तर १९० च्या आसपास, म्हणजे आता तो नुसता लाल पण राहिला नाही, तांबड्यापासून न दिसणाऱ्या इन्फ्रारेडपर्यंत पसरला. हा हिशोब निसर्गाचा आहे, पैसे टाकून सुटत नाही.

मग असा पदार्थ शोधायचा की जो इतके रंग एकदम वाढवू शकेल. सत्तरच्या दशकात डाय लेसर होते, म्हणजे अक्षरशः रंगाचं पाणी नळीतून फवारायचं आणि त्याच्यावर प्रकाश मारायचा. १९८१ ला अमेरिकेत बेल लॅबमधे अशाच रंगाच्या पाण्यातून १०० फेमटोसेकंदाच्या खाली उतरले, १९८७ ला तर बाहेरून दाबून दाबून ६ पर्यंत. पण ते पाणी खराब व्हायचं, पंप लीक व्हायचा, हात आठवडाभर गुलाबी राहायचे. मग टायटेनियम सफायर आला, मोल्टन नावाच्या माणसाने १९८२ मधे दाखवला, साधा गुलाबीसर स्फटिक, बोटाच्या पेराएवढा, आणि ६५० पासून ११०० नॅनोमीटरपर्यंत काहीही वाढवतो. त्याने सगळं बदललं.

आता तुमचं बटण. दोन टोकाच्या आरशांत दीड मीटर अंतर धरा, प्रकाशाची एक फेरी तीन मीटरची, म्हणजे दहा नॅनोसेकंद. आरशांच्या मधे बसतील अशाच फ्रिक्वेन्सी जगतात, त्यांच्यात अंतर १०० मेगाहर्ट्झ (तुमच्या स्कोपएवढं!). १० फेमटोसेकंदाच्या पल्ससाठी ४४ टेराहर्ट्झचा पट्टा पाहिजे, म्हणजे जवळपास साडेचार लाख फ्रिक्वेन्सी एका तालात. साडेचार लाख ढोलवाले, आणि हात वर करून इशारा देणारा कोणी नाही.

ताल धरतो तो स्फटिकच. प्रकाश खूप तीव्र झाला की काचेसारख्या पदार्थाचा अपवर्तनांक थोडा वाढतो. बीमच्या मधोमध तीव्रता जास्त, कडेला कमी, म्हणजे मधे जास्त वाढतो, म्हणजे स्फटिकाचं आपोआप भिंग झालं. हे भिंग फक्त तीव्र प्रकाशालाच दिसतं. मग आरसे असे लावायचे की भिंगातून गोळा झालेला बीम नीट फिरेल आणि सौम्य, सतत वाहणारा प्रकाश कडेला आपटून वाया जाईल. त्यामुळे प्रकाशाला फायदा कशात? सगळ्यांनी एकत्र येऊन सुळका करण्यात. जो एकत्र आला तो वाढला, जो पसरून राहिला तो मेला. दर दहा नॅनोसेकंदाला ही निवडणूक. हे १९९१ ला स्कॉटलंडमधे सेंट अँड्र्यूजला सिबेट यांच्या ग्रुपला सापडलं, ६० फेमटोसेकंद, आणि गंमत म्हणजे हे आपोआप का होतंय ते आधी कोणालाच कळेना.

पण सुरुवात करून द्यावी लागते. पहिला छोटासा सुळका कुठून येणार? तर सकाळी लॅबमधे गेलं की लेसर चालू करायचा, तो आपला सतत वाहत बसतो, मग प्रिझमच्या स्टेजला बोटाने हलकी टिचकी मारायची. एकदम स्पेक्ट्रोमीटरवरची बारीक रेघ फुगून डोंगर होते. लाखो रुपयांचं यंत्र आणि टिचकी. तेव्हा दादा, बटण कोण दाबतं याचं खरं उत्तर असं की मी दाबायचो, तर्जनीने, दिवसातून एकदा.

सावंतवाडीचो_झिल

ह्या सगळा माझ्या डोक्यावरसून गेला पण टिचकी मात्र समजली. आमच्या घरचो फ्रीज पण तसोच चालू होता.

मिरकरवाडा_वायरमन

दोनदा वाचलं. रेडिओचं एकदम पटलं, आजवर त्या खरखरीला शिव्याच घातल्या होत्या. आता मोजायचं सांगा, ते राहिलं.

खाडीपलीकडचा

मोजायचं माझं सगळ्यात आवडतं. जगातला सगळ्यात महागडा स्कोप आणला तरी तो पिकोसेकंदांच्या घरात अडकतो. मग घड्याळ सोडून द्यायचं आणि फूटपट्टी घ्यायची.

प्रकाश एका फेमटोसेकंदात ०.३ मायक्रॉन जातो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पल्सचे अर्ध्या आरशाने दोन भाग करा, दोघांना वेगवेगळ्या वाटेने पाठवा आणि पुढे एका स्फटिकात गाठ घालून द्या. स्फटिक असा निवडायचा की दोघं एकाच वेळी पोचले तरच निळा प्रकाश निघेल. आपल्याकडे दोन पालख्यांची भेट असते ना, दोन्ही एकदम समोर आल्या तरच गर्दी ओरडते, एक आधी येऊन गेली तर ओरडायला काय आहे. तसं. आता एका वाटेवरचा आरसा मायक्रोमीटर स्क्रूने हळूहळू सरकवायचा. आरसा १ मायक्रॉन सरकला की वाट २ मायक्रॉन वाढली, म्हणजे ६.७ फेमटोसेकंद उशीर. निळा उजेड किती अंतरापर्यंत टिकला ते बघायचं, झालं. १०० फेमटोसेकंद म्हणजे आरशाचं १५ मायक्रॉन सरकणं, हे तर कुठल्याही टूलरूममधलं पोरगं मोजून देईल. पल्सनेच पल्स मोजायचा, कारण त्याच्याएवढं छोटं दुसरं काही हातात नसतंच.

पोफळी_पॉवरहाऊस

मी रोज वाचणारा, लिहिणारा नाही. एक शंका. कुठेतरी वाचलं की हे लेसर गिगावॅट, टेरावॅटचे असतात. आमचा कोयना प्रकल्प सगळे टप्पे धरून १९६० मेगावॅट, म्हणजे दोन गिगावॅट पण नाही, त्यासाठी डोंगर पोखरलाय आणि शिवसागर भरून पाणी लागतं. आणि टेबलावरचा लेसर टेरावॅट? मीटर कुठे लावलाय यांनी.

खाडीपलीकडचा

साहेब मीटर बरोबर आहे, फक्त वेळ बघा. पल्समधे १ मिलिजूल ऊर्जा धरा. एक ग्रॅमचं वजन १० सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी, मुंगीचं काम. पण ती ३० फेमटोसेकंदात सोडली तर भागाकार करा, ३३ गिगावॅट. तुमच्या सतरा कोयना. फक्त तेवढा वेळ. सेकंदाला असे हजार पल्स मारले तरी सरासरी १ वॅट, मोबाईलचा चार्जर याच्यापेक्षा जास्त खातो.

आणि इथेच मोठी अडचण आली होती. इतकी तीव्रता झाली की मघाशी सांगितलं ते भिंग अंगावर उलटतं, प्रकाश स्फटिकातच इतका गोळा होतो की स्फटिक फुटतो. आमच्या डोळ्यादेखत एक फुटलाय, कोणाच्या चुकीने ते विचारू नका. त्यामुळे ऐंशीच्या दशकात पल्स लहान करता येत होते पण मोठे म्हणजे दणदणीत करता येईनात.

तोड काढली १९८५ मधे डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी, अमेरिकेत रोचेस्टरला. ती तेव्हा पीएचडी करत होती. वायरमनदादा, ही तोड तुमच्या फिशफाइंडरमधे आहे! आताचे चर्प वाले येतात ना, ते एकदम जोरात ठोका मारत नाहीत, ट्रान्सड्यूसर तेवढं सहन करणार नाही. ते लांब शीळ घालतात, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत, आणि परत आलेली शीळ आतमधे गोळा करून पुन्हा छोटा ठोका बनवतात. रडारमधे हे आधीपासून होतं. या दोघांनी ते प्रकाशाला लावलं. पल्स १.४ किलोमीटर लांबीच्या फायबरमधून सोडला, काचेत तांबडा पुढे पळतो आणि निळा मागे रेंगाळतो, म्हणून पल्स लांब झाला, तीव्रता पडली. मग निवांतपणे वाढवला. मग जाळीदार आरशांच्या जोडीने तांबड्याला लांबच्या वाटेने आणि निळ्याला जवळच्या वाटेने पाठवून परत एकत्र आणला.

पाखाडीवरून पालखीची माणसं उतरतात तसं समजा. पायऱ्या अरुंद, सगळे एकदम घुसले तर चेंगराचेंगरी. एकामागे एक सोडायचे, वाटेत प्रत्येकाच्या हातात लाडू द्यायचा, आणि खाली सहाणेवर सगळे पुन्हा एकत्र. लाडू सगळ्यांना मिळाले, पाखाडी पण शाबूत.

२०१८ चं अर्धं नोबेल यालाच. फिजिक्समधे क्युरी आणि गपर्ट-मायर यांच्यानंतर तिसरी बाई. आज जगातले जवळपास सगळे टेरावॅट, पेटावॅट लेसर, आपल्याकडे कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत आहे तो, इंदूरला आरआरकॅट या लेसर संशोधन केंद्रात आहे तो, रोमानियात २०१९ ला १० पेटावॅट गाठले ते, सगळे याच पाखाडीवरून उतरतात.

पोफळी_पॉवरहाऊस

सतरा कोयना. बरं. उद्या शिफ्टला गेल्यावर सांगतो सगळ्यांना, कोणी विश्वास ठेवणार नाही.

लोटे_शिफ्टवाला

मग आमच्या मशीनमधला क्यू-स्विच काय फालतू म्हणायचा काय :)

खाडीपलीकडचा

छे हो, बेअरिंगवर नंबर टाकायला फेमटो आणणं म्हणजे बांगडे साफ करायला न्हाव्याचा वस्तरा. तुमचा झडपवाला स्वस्त आणि दणकट. आणि मोठ्या फेमटो लेसरमधेही पॉकेल्स सेलची झडप असते, ती पल्स बनवत नाही, करोडो पल्समधून पाहिजे तो एकेक निवडून पुढे सोडते. तेवढ्यापुरतं नॅनोसेकंदाचं इलेक्ट्रॉनिक्स पुरतं. तेव्हा तुम्ही अर्धे बरोबरच होता.

दापोली_सायन्स_साईड

सर मी बारावीला आहे. २०२३ चं नोबेल अॅटोसेकंदला (फेमटोसेकंदाचा हजारावा भाग) मिळालं ना, ते याच्याच पुढचं का? की अजून जास्त रंग घेऊन लहान केलं? परीक्षेला येणार नाही पण विचारतोय

खाडीपलीकडचा

परीक्षेला न येणारंच विचारावं बाळा.

जास्त रंग हे बरोबर, पण त्याच रस्त्याने जाता येत नाही. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं एक आंदोलनच २.७ फेमटोसेकंदाचं असतं. लाटेपेक्षा छोटी लाट कशी करणार? त्याखाली जायचं तर लाटच बारीक पाहिजे, म्हणजे अतिनील आणि त्याच्याही पलीकडे. तिथे कुठला टायटेनियम सफायर चालणार?

१९८७ च्या सुमारास फ्रान्समधे अॅन लुइलिये यांनी इन्फ्रारेड लेसर आर्गॉन वायूत मारला तर बाहेर त्याच्या विषम पटीतल्या फ्रिक्वेन्सींची रांगच निघाली, थेट ३३ पटीपर्यंत, आणि वरच्या पटींना जोर कमी व्हायला पाहिजे तो होईचना. कारण पुढे कळलं. लेसरची लाट इतकी दांडगी की ती अणूतला इलेक्ट्रॉन ओढून बाहेर नेते, अर्ध्या आंदोलनानंतर दिशा उलटली की तोच इलेक्ट्रॉन परत आणून अणूवर आपटते, आणि आपटताना त्याने मिळवलेली सगळी ऊर्जा एका क्षणात प्रकाश होऊन निघते. आरे-वारेला लाट मागे फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि पुढची लाट तीच वाळू नडग्यांवर मारते, अगदी तसं. हा आपटण्याचा क्षण अॅटोसेकंदांचा. २००१ मधे अगोस्तिनी यांनी २५० अॅटोसेकंदांच्या पल्सची माळ मोजली, आणि त्याच वर्षी व्हिएन्नात क्राउस यांनी ६५० चा एकटा पल्स वेगळा काढला. पुढे २०१७ ला झुरिकला ४३ पर्यंत उतरले.

एका सेकंदात किती अॅटोसेकंद? विश्व सुरू झाल्यापासून आजवर जेवढे सेकंद झाले त्याच्या दुपटीहून जास्त. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनला, जुन्या पद्धतीने बोलायचं तर, एक चक्कर मारायला १५० अॅटोसेकंद लागतात. त्यामुळे आता त्याच्या घरात डोकावता येतं. पावसाळी रात्री वीज चमकली की हलणारे माड कसे फोटोत थांबल्यासारखे दिसतात, तसा उजेड जितका छोटा तितकी वेगवान गोष्ट थांबलेली दिसते. फेमटोसेकंदात रेणू तुटताना दिसला, झेवेल यांना १९९९ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यालाच, अॅटोसेकंदात इलेक्ट्रॉन.

आणि हो, लुइलिये बाईंना नोबेलचा फोन आला तेव्हा त्या स्वीडनमधे वर्गात शिकवत होत्या. फोन घेतला आणि परत येऊन तास पुरा केला. तुमच्या सरांना सांग.

दापोली_सायन्स_साईड

आमचे सर फोन नसला तरी तास सोडून जातात

डोळ्यांची_ताई_चिपळूण

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, वर फिजिक्स खूप झालं म्हणून डोळ्याचं मी सांगते. वायरमनदादा, भाचीच्या ऑपरेशनमधे बहुतेक दोन लेसर असतील. फेमटो नंबर काढत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. फेमटो लेसर त्याच्या वरून शंभरेक मायक्रॉन खोल एक पातळ पापुद्रा सोडवून देतो, फणसाची साल नाही तर पोळीचा पापुद्रा म्हणा. पूर्वी हे ब्लेडने करायचे. पापुद्रा उचलला की खाली १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर आकार बदलतो, खरा नंबर तो काढतो, आणि त्याचे पल्स नॅनोसेकंदांचेच असतात (लोटेवाल्यांना बरं वाटेल). स्माइल नावाची दुसरी पद्धत आहे, तिच्यात फक्त फेमटोच.

आता फेमटोच का, तर तो इन्फ्रारेड असल्यामुळे कॉर्नियातून आरपार जातो, काही होत नाही, फक्त जिथे फोकस केलाय त्या टिंबात तीव्रता इतकी वाढते की तिथे सूक्ष्म बुडबुडा होतो. असे लाखो बुडबुडे शेजारी शेजारी. आणि उष्णता पसरायला जो वेळ लागतो त्याच्या आधीच पल्स संपलेला असतो, त्यामुळे आजूबाजूला भाजत नाही.

हे सुचलं कसं ते पण भारी आहे. १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात लेसरवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून फेमटो लेसर गेला. तपासणाऱ्या डॉक्टरला रेटिनावर डाग दिसले ते इतके स्वच्छ, काठ इतके नेटके, की त्याने विचारलं हा लेसर कुठला. तिथून ही सर्जरी सुरू झाली.

खाडीपलीकडचा

ताई, आणि ती लॅब त्याच मुरूंची, पाखाडीवाल्या. तेव्हा ते मिशिगनला होते. या किश्श्यावरून आम्हाला पहिल्या दिवशी गॉगल घालायला लावायचे.

एक राहिलं, दादांना आवडेल. मघाशी म्हटलं काचेत तांबडा पुढे पळतो. १० फेमटोसेकंदाचा पल्स नुसत्या १ सेंटिमीटर क्वार्ट्झ काचेतून गेला तर १०० चा होऊन बाहेर पडतो, सत्यानाश. पण १०० चा पल्स त्याच काचेतून गेला तर त्याला ढिम्म फरक पडत नाही. त्यामुळे लहान पल्सवाल्यांचं अर्धं आयुष्य "वाटेत किती काच आली" हे मोजण्यात जातं, आणि ती चूक भरून काढायला १९९४ मधे खास आरसे आले, ज्यांच्यात तांबडा खोल जाऊन परततो आणि निळा वरच्यावर, म्हणजे काचेच्या बरोब्बर उलटं. ते करणाऱ्यांत हेच क्राउस होते ज्यांना पुढे नोबेल मिळालं. ताईंच्या मशीनला ही डोकेदुखी नाही, तिथे काहीशे फेमटोसेकंद असतात, लेन्सच्या चार काचा सहज पचवतात.

मिरकरवाडा_वायरमन

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, खाडीपलीकडच्यांना तर एक पेटी नक्की, पत्ता पाठवा मेसेजमधे, यंदा आंबा उशिरा आहे पण आहे. काल दुकानात चर्प वाला फिशफाइंडर आला होता दुरुस्तीला, तांडेल घाई करत होता आणि मी त्याला नोबेल सांगत बसलो. तो म्हणाला मासा दाखव म्हणजे झालं.

ताई, ऑपरेशन सोमवारी आहे. भाचीला काही सांगून ठेवायचंय का? तिला कॉन्टॅक्ट लेन्स घालायची सवय आहे, आणि घरातून निघताना अर्धी बाटली परफ्यूम मारते.

डोळ्यांची_ताई_चिपळूण

लेन्स आजपासूनच बंद, आणि आत्तापर्यंत कधी घातल्या होत्या ते तिथल्या डॉक्टरांना खरं सांगा, लपवू नका, कॉर्नियाचा आकार त्याने बदललेला असतो आणि माप चुकतं, ते कदाचित तारीख पुढे ढकलतील तर ढकलू दे. परफ्यूम सोमवारी अजिबात नको, तिला नको आणि सोबत जाणाऱ्या तुम्हालाही नको, त्याची वाफ एक्सायमरच्या वाटेत येते. काजळ, मेकअप नको. येताना गॉगल न्या, आणि घाटात खिडकी बंद ठेवा, धूळ जाते.